विशेष संदर्भाचं शेपूट

मी डहाणूच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. हे सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, "म्हणजे नक्की काय?" चिकूच्या व्यापाऱ्याला किंवा तलाठ्याला कोणी असं विचारत नाही. नोकरीला नवीन होते तेव्हा मी अगदी जीव तोडून समजावून सांगायचे. आता म्हणते, "मुलांचं डोकं खायचं काम आहे, पगार मिळतो." विषय तिथेच संपतो आणि दोघांचीही सुटका होते.

२०१४ साली आमचा जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. सगळ्या ऑफिसांत ठाणे खोडून पालघर लिहिणं चाललं होतं, आणि त्याच गडबडीत माझ्याकडे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा 'धर्माचे तत्त्वज्ञान' हा पेपर आला. आधीचे सर निवृत्त झाले होते. जाताना त्यांनी त्यांचं जुनं पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "यातलंच विचारतात. बाहेरचं काही वाचायच्या भानगडीत पडू नका." पुस्तक मराठीत होतं. सुरुवातीला देवाच्या अस्तित्वाचे पुरावे, मग चमत्कार, मग श्रद्धा आणि बुद्धी, मग अनिष्टाची समस्या, आणि अगदी शेवटी चार-सहा पानांचं एक प्रकरण, त्याचं नाव 'इतर धर्म'. महाराष्ट्रात छापलेलं, महाराष्ट्रात विकलं जाणारं पुस्तक, आणि त्यात इतर कोण, तर आम्ही. मला हसू आलं. राग नंतर आला.

वर्ग लहान होता. थोडी मुलं आमच्या मसोलीची आणि चारोटीची, बाकीची तलासरी तालुक्यातल्या पाड्यांवरून एसटीने येणारी. माझ्याशी मराठीत बोलायची, आपसात वारली, गुजराती, मराठी असं सगळं कालवून. मी अनिष्टाची समस्या शिकवायला घेतली. मास्तरांना हा भाग आवडतो, कारण तो गणितासारखा मांडता येतो. फळ्यावर मी तीन वाक्यं लिहिली. देव सर्वशक्तिमान आहे. देव पूर्णपणे चांगला आहे. तरीही जगात दुःख आहे. मग मागे वळून, जरा थाटातच, म्हटलं, "आता ही तिन्ही एकदम खरी कशी असतील? मोठमोठ्या लोकांनी या प्रश्नावर आयुष्यं घालवली आहेत." आणि मुलांचे चेहरे बदलायची वाट बघत उभी राहिले.

एकाचाही चेहरा बदलला नाही. पंखा तेवढा कुरकुरत होता. मग तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तलासरीकडच्या एका पाड्यावरून यायची, तेल लावून घट्ट वेणी, वर्षभरात तोंडातून शब्द नाही. ती म्हणाली, "मॅडम, पण देव पूर्ण चांगला असतो असं कोण बोललं?"

वर्ग हसला. मीही हसले आणि म्हटलं, "पुस्तकात तसं धरून चाललेत."

"पण का?" ती काही हसत नव्हती. "आमच्याकडे वाघदेव आहे. त्याला चांगला-वाईट असं कोणी नाय बोलत. त्याचा मान असतो. नवा भात घरात आला की आधी त्याचा, मग आपला. मान दिला की तो गुरं राखतो. मागच्या साली सगळं रीतसर दिलं होतं, तरी बिबट्याने बकरी नेली. तर बाबा तिथे गेला आणि त्याला खूप बोलला. तुझं तुला दिलं होतं ना, मग आमचं का नेलंस, जाब दे."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. चूक देवाचीच होती. पुढच्या सणाला त्याला कोंबडा नाय दिला, नारळावर भागवला."

या वेळी कोणी हसलं नाही. चारोटीचा एक मुलगा मान डोलवत म्हणाला, "आमच्याकडे पण तसंच." मी खडू हातात धरून फळ्याकडे बघत राहिले. त्या मुलीने माझ्या तीन वाक्यांतलं मधलं वाक्य अलगद काढून घेतलं होतं, आणि ते गेल्यावर प्रकरणात काही उरतच नव्हतं. माझ्या विषयातला सगळ्यात मानाचा प्रश्न, ज्यावर कपाटंच्या कपाटं भरतील इतकं लिहिलं गेलंय, तो एकाच प्रकारच्या देवाला पडणारा प्रश्न होता. एकटाच असलेला, सगळं करू शकणारा, सगळं जाणणारा, पूर्णपणे चांगला, आणि शून्यातून जग बनवणारा. हा देव ख्रिस्ती धर्मशास्त्रातून आला आणि आमच्या विषयात येऊन नुसता 'देव' झाला. त्याचं आडनाव कुणी विचारलं नाही. बाकीच्यांना मात्र आडनावाशिवाय आत घेत नाहीत.

एक सांगते, नाहीतर गैरसमज व्हायचा. माझं भांडण ख्रिस्ती धर्माशी नव्हतं आणि नाही. आमच्याकडे चर्चला जाणारी कुटुंबं आहेत, त्यांची मुलं माझ्या वर्गात असतात, नाताळचा केक मी हक्काने मागून खाते. भांडण होतं ते एका देवाने 'देव' हा शब्दच स्वतःच्या सातबाऱ्यावर चढवून घेतल्याचं.

वर्षाच्या शेवटी परीक्षा झाली. त्या मुलीला माझ्या पेपरात सगळ्यांत जास्त मार्क पडले. मला वाटलं, हिने वाघदेव लिहिला असणार आणि तपासणाऱ्याला आवडला असणार. मी तिला गाठून विचारलं. ती माझ्याकडे जरा कीव आल्यासारखी बघत म्हणाली, "नाय मॅडम. पुस्तकातलं लिहिलं. पेपरातला देव वेगळा ना. तो पाठ करायचा. घरचा लिहिला तर मार्क कोण देणार?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच मला झोंबलं. हुशार मुलगी, मन लावून शिकलेली, आणि तीन वर्षं तत्त्वज्ञान शिकून तिला एवढं नक्की कळलं की स्वतःच्या घरात जो विचार चालतो तो विचारात धरायचा नसतो. घरी येऊन मी भाकऱ्या थापायला बसले. त्या दिवशी परातीचे हाल झाले.

सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, आवाज अजून वर्गात उभ्या असल्यासारखा. "कोणावर चिडलीयस?"

"देवावर."

"कुठल्या?"

म्हटलं, बघा, घरात सुद्धा पहिला प्रश्न 'कुठल्या' असा आहे. पुस्तकाला तो एकदाही सुचला नाही.

मी पीएच.डी. करायचं ठरवलं ते त्या परातीसमोर. त्याच वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, विषय विद्यापीठात दिला: 'जाब देणारा देव: धर्मतत्त्वज्ञानातील एक संकल्पना'. माझं म्हणणं साधं होतं. ज्याच्याशी देणंघेणं आहे, जो चुकू शकतो आणि ज्याला तोंडावर बोलता येतं, असा देव ही काही अर्धवट राहिलेली कल्पना नाही. ती पूर्ण, विचारपूर्वक केलेली कल्पना आहे, आणि पुस्तकातल्या देवासमोर ती बरोबरीने उभी करून दोघांची परीक्षा घ्यायला हवी.

विषय मान्य करणाऱ्या समितीसमोर मला बोलावलं. एक सदस्य गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, विषय छान आहे, पण हे मानववंशशास्त्र झालं. त्यांचा विभाग पलीकडच्या इमारतीत आहे." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला भारतीयच करायचंय ना? मग वेदान्त करा. ब्रह्म घ्या." म्हणजे दोनच दारं. एकात पुस्तकातला देव, दुसऱ्यात ब्रह्म, आणि विवळवेढ्याच्या जत्रेला जिच्यासाठी अख्खा तालुका लोटतो ती आमची महालक्ष्मी पलीकडच्या इमारतीत. मी म्हटलं, "मी लोक काय करतात ते मोजायला आलेली नाही. त्यांचं बरोबर आहे का, यावर वाद घालायला आलेय."

बरीच घासाघीस झाली. शेवटी माझ्या मार्गदर्शकांनी तडजोड काढली. मार्गदर्शक म्हणजे अतिशय सज्जन माणूस, कुणाचा आवाज चढला की त्यांना ॲसिडिटी होते. ते म्हणाले, शीर्षकाला मागे 'डहाणू-तलासरी परिसराच्या विशेष संदर्भात' एवढं जोडलं की प्रश्न मिटला. आपल्याकडे प्रबंधांना हे शेपूट असतंच. बँकांवर प्रबंध असला की अमुक तालुक्याच्या विशेष संदर्भात, कवितेवर असला की तमुक दशकाच्या विशेष संदर्भात. सरांच्या स्वतःच्या प्रबंधाला दोन शेपटं होती.

मी नाही म्हटलं. सरांना वाटलं मी हट्टीपणा करतेय. करत होतेच, पण हट्टाला कारण होतं. शेपूट नसलं तर माझं म्हणणं असं होतं: देव असाही असू शकतो, पटत नसेल तर खोडून दाखवा. शेपूट लावलं की तेच म्हणणं असं होतं: डहाणूकडचे लोक असं मानतात बुवा. पहिल्याला उत्तर द्यावं लागतं. दुसऱ्याकडे कौतुकाने बघून पुढे जाता येतं. समितीने वाद टाळायला ठराव केला की शीर्षकाचा शेवटचा निर्णय मौखिक परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक करतील. तोपर्यंत माझा देव बिनशेपटाचा, पण तात्पुरता.

पुढची दोन वर्षं मी स्कूटरवर काढली. सुट्टी लागली की चारोटी, तिथे भजी आणि चहा, मग हायवेने विवळवेढ्यावरून तलासरीकडे. त्या मुलीच्या घरीही गेले. ती तोवर एका आश्रमशाळेत शिकवायला लागली होती. तिच्या बाबांना मी विचारलं, "तुम्ही देवाला शिक्षा केलीत. मग मोठं कोण, तुम्ही की तो?"

"मोठा तोच," ते म्हणाले. "मोठ्याला बोलू नये असं कुठे आहे?"

"पण मोठा असून चुकतो?"

"तुमचे साहेब लोक चुकत नाय?"

"साहेब माणूस आहे हो. देवही चुकायला लागला तर देव म्हणायचं कशाला?"

यावर ते जरा तापले. म्हणाले, माझा बाप त्याला देव म्हणायचा म्हणून. मी म्हटलं, हे काही उत्तर झालं नाही. ते म्हणाले, तुम्हाला उत्तर पाहिजे तर तुम्ही शोधा, शाळा तुम्ही शिकलात. आम्ही दोघंही चांगलेच हमरीतुमरीवर आलो, मग त्यांच्या बायकोने मध्ये चहा आणून ठेवला. सगळंच त्यांचं मला पटलं असं नाही. आजही पटत नाही. बापाने म्हटलं म्हणून देव, हा युक्तिवाद कच्चा आहे, आणि तो कच्चा आहे असं मी प्रबंधात स्पष्ट लिहिलं. मला वाटतं, माणसाचा मान ठेवायचा तर त्याच्याशी भांडायला हवं. नुसती नोंद घेऊन, नमस्कार करून परत येणं सोपं असतं.

प्रबंधातलं एक प्रकरण मात्र आमच्या घरातलंच होतं. सासूबाईंची देव पाण्यात घालायची सवय. हे पुष्कळ मराठी घरांत चालतं: घरात काही मोठं अडलं की देव्हाऱ्यातले देव पाण्यात बुडवून ठेवायचे, काम होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. नवरा रेल्वेत आहे, त्याची बदली लांब झाली होती तेव्हा सासूबाईंनी पितळेचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि विवळवेढ्याच्या जत्रेतून आणलेला महालक्ष्मीचा टाक तांब्याच्या घंगाळात घातले होते. बदली रद्द झाल्यावरच ते कोरडे झाले. सर्वशक्तिमान देवाला असं पाण्यात घालता येत नाही. त्याच्यापुढे मागणं मागायचं आणि त्याची इच्छा म्हणून गप्प बसायचं. आमच्याकडे मागणं मागायचं, आणि दिलं नाहीस तर बस तिथेच, असं सांगायचं. या दोन्हींत देवाची कल्पनाच वेगळी आहे, यावर मी चाळीसेक पानं लिहिली. सासूबाईंनी लाल पेन घेऊन सगळा प्रबंध तपासला, ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि या प्रकरणाच्या शेवटी 'बरे' असा शेरा दिला. चाळीस वर्षांच्या नोकरीत 'उत्तम' त्यांनी कुणालाच दिलेलं नव्हतं.

२०१८ मध्ये प्रबंध विद्यापीठात गेला आणि तिथे जाऊन पडला. महिने उलटले, मौखिक परीक्षेची तारीख येईना. फोन केला की 'साहेब जागेवर नाहीत'. एक दिवस सकाळी आंघोळ करून बाहेर येते तर देव्हारा रिकामा आणि घंगाळ भरलेलं.

"अहो आई, हे काय?"

"तारीख येत नाही ना?"

"परीक्षकाला कळलं तर काय म्हणेल? जिने यावर प्रबंध लिहिला तिच्याच घरात हे चाललंय."

"कळू दे. मी खोटं लिहून दिलं नव्हतं तुला."

त्या रोज पाणी बदलायच्या आणि बदलताना तिघांनाही फैलावर घ्यायच्या. सून एवढी राबली, तुमच्यावरच लिहिलंय, आणि तुम्हाला एक तारीख हलवता येत नाही? शेजारच्या गुजराती काकी दुधाची पिशवी घ्यायला यायच्या आणि घंगाळात डोकावून, अजून पाण्यातच का, म्हणून विचारायच्या, "हजी पाणीमां?" सासूबाई म्हणायच्या, "हजी." उन्हाळा सुरू झाला आणि तारखेचं पत्र आलं. त्यांनी तिघांना पुसलं, कुंकू लावलं आणि जागेवर ठेवलं. मी गमतीने म्हटलं, "पास होईपर्यंत ठेवायचे ना."

"बोलणं तारखेचं झालं होतं. तारीख दिली त्यांनी. प्रबंधातलं त्यांना काय कळतं? पुढचं तुझं तू बघ."

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सरांचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की ॲसिडिटी वाढलीये. "मॅडम, बाहेरचे परीक्षक फार मोठे गृहस्थ आहेत. वसईकडचे, ख्रिस्ती. आयुष्यभर हाच विषय शिकवलाय त्यांनी. मी चाचपून बघितलं. ते शेपूट लावा म्हणणार."

"मी लावणार नाही."

"मग काय करणार?"

"प्रबंध मागे घेईन."

"चार वर्षांवर पाणी सोडाल?"

"सोडेन सर."

म्हणून टाकलं खरं, पण फोन ठेवल्यावर हिशेब करत बसले. बढती अडकली होती, वय पंचेचाळिशीच्या पुढे, पुन्हा नव्याने काही लिहायची ताकद नव्हती. नवरा म्हणाला, "दोन शब्दांसाठी एवढं?" मी त्याला म्हटलं, "तुझ्या नावापुढे कोणी 'मसोलीच्या विशेष संदर्भात' लिहिलं तर चालेल?" तो म्हणाला, "पगार तोच राहणार असेल तर चालेल." त्याच्याशी तत्त्वज्ञानावर बोलण्यात अर्थ नाही, पण त्या दिवशी त्याने मला हसवलं हे खरं.

परीक्षेची खोली लहान होती. लांब टेबल, बिस्किटांची बशी, मागे खुर्च्यांवर संशोधन करणारी मुलं. परीक्षक उंच, पांढरे केस, अंगावर साधा बुशशर्ट. त्यांनी प्रबंध खरोखर वाचला होता. पानोपानी चिठ्ठ्या लावल्या होत्या. तासभर त्यांनी मला सोडलं नाही, आणि खरं सांगू, मला मजा येत होती. कितीतरी वर्षांनी कोणी माझ्याशी माझ्या विषयावर भांडत होतं.

मग ते म्हणाले, "ज्याला रागावता येतं, पाण्यात घालता येतं, असा देव पूजेला पात्र कसा? पूजा आपण आपल्याहून सर्वस्वी श्रेष्ठ असलेल्याची करतो."

म्हटलं, "सर, माझ्या सासूबाई माझ्या नवऱ्याला रागावतात, शेजारच्यांच्या मुलाला रागवत नाहीत. रागवायला हक्क लागतो. ज्याच्यावर एवढा हक्क आहे त्याचीच पूजा करावी असं माझे लोक म्हणतात. ते चूक असेल, पण तो विचार आहे."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग पहिलं पान उघडलं. "काम चांगलं आहे. मी पास करणारच आहे. फक्त शीर्षक. इथे 'डहाणू-तलासरी परिसराच्या विशेष संदर्भात' असं हवं."

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. बिस्किटाच्या बशीकडे बघितलं.

मी म्हटलं, "सर, ज्या पुस्तकांवर आपण सगळे शिकलो, त्यांतल्या एकावर तरी 'ख्रिस्ती धर्माच्या विशेष संदर्भात' असं लिहिलंय का?"

"तिथे गरज नव्हती. ती संकल्पना सार्वत्रिक आहे."

"कोणी ठरवलं?"

"युक्तिवादाने ठरतं."

"मग माझ्याशीही युक्तिवादच करा. माझा देव चूक आहे हे दाखवून द्या, मी आत्ता प्रबंध उचलते आणि घरी जाते. पण तो डहाणूचा आहे एवढ्यासाठी त्याला वेगळ्या खोलीत बसवणार असाल, तर मला ही पदवी नको. हे मी रागाने बोलत नाही. घरी सांगून आलेय."

माझा आवाज ठणठणीत होता, तेवढं एक आयुष्यभर शिकवून कमावलंय. परीक्षकांनी प्रबंध मिटला आणि त्यावर हात ठेवून बसले. मग त्यांनी विचारलं, "ते देव पाण्यात घालणं... रागाने असतं की भक्तीने?" आवाज बदलला होता, परीक्षेचा राहिला नव्हता.

"दोन्ही सर. वेगळं काढता येत नाही. मी प्रयत्न केला होता, जमलं नाही."

"माझी आजी," ते म्हणाले आणि थांबले. "आमच्या घरात एका संताची लाकडी मूर्ती होती. वाडीतली विहीर आटली की आजी त्या मूर्तीचं तोंड भिंतीकडे करायची. पाणी लागेपर्यंत तसंच. येता-जाता त्या पाठीला शिव्या घालायची, आमच्या वाडीच्या बोलीत. काय काय म्हणायची ते इथे सांगता येणार नाही." ते हसले. "फादर घरी आले की पटकन सरळ करायची. ते गेले की पुन्हा भिंतीकडे."

मागची मुलं हसली. मीही हसले. ते म्हणाले, "हे मी आज पहिल्यांदा कुणाला सांगतोय."

"का सर?"

"मी धर्माचं तत्त्वज्ञान शिकवत होतो ना."

त्या माणसाबद्दल मला एकदम माया वाटली. आयुष्यभर त्यांनी ख्रिस्ती देवाबद्दल शिकवलं, आणि त्यांच्या ख्रिस्ती आजीचा देव त्यात कधी बसला नाही. माझी तलासरीची मुलगी जे पाठ करून मार्क मिळवत होती, तेच त्यांनीही पाठ केलेलं होतं, फक्त जास्त चांगलं.

समितीच्या अध्यक्षांनी घड्याळ बघून विचारलं, "सर, मग शीर्षकाचं काय लिहायचं?"

त्यांनी पेन उघडलं. "आहे तसं राहू द्या," म्हणाले आणि सही केली.

घरी पोचले तेव्हा सासूबाई ओटीवर चिंच सोलत बसल्या होत्या. मी गेटमधूनच ओरडले, "पास झाले. शेपूट लागलं नाही."

"म्हणजे काय ते नीट सांग."

"म्हणजे आपला देव हाही देव आहे, हे त्यांनी मान्य केलं. सहीनिशी."

त्यांनी चिंच खाली ठेवली, चष्म्यातून माझ्याकडे बघितलं, आणि अगदी खरोखर न कळून विचारलं, "आणि इतकी वर्षं त्यांना काय वाटत होतं?"

सगळं होतं माझ्याकडे, चारशे पानं होती, संदर्भांची यादी होती. त्यातलं एकही पान या प्रश्नावर नव्हतं. रस्ताभर मी जिंकून आले होते, मनातल्या मनात भाषणं ठोकत आले होते, आणि त्या एका प्रश्नासरशी कळलं की मी जे मिळवून आणलं ते मुळात कुणी कुणाला द्यायचं नव्हतंच. मी तिथेच पायरीवर बसले आणि रडायला लागले. आनंद होता, अपमान होता, कुठला किती ते मला आजही सांगता यायचं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "आधी चप्पल काढ. मग रड."